स्वायत्त विमाने आणि वणव्याचे अनुमान

न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यास अनुमानाचे पहिले उदाहरण म्हणून जे शिकविण्यात येते, ते एका डोंगराचे आहे. दूरच्या डोंगरावर धूर दिसतो. जेथे धूर तेथे अग्नी, हे पाहणाऱ्याने स्वयंपाकघरात वारंवार अनुभवलेले असते. त्यावरून, डोळ्यांना प्रत्यक्ष दिसत नसला तरी, त्या डोंगरावर अग्नी आहे असा निष्कर्ष तो काढतो. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’सारख्या प्रवेशग्रंथापासून नव्यन्यायाच्या प्रौढ ग्रंथांपर्यंत हे उदाहरण इतके रुळले आहे की, त्यातील डोंगर, धूर आणि अग्नी यांना आता वस्तू म्हणून फारसे अस्तित्व उरलेले नाही, ती बीजगणितातील अक्षरांसारखी झाली आहेत. डोंगर खरोखरीच पेटला असेल तर पुढे काय करावयाचे, हा प्रश्न नैयायिकांनी विचारला नाही, आणि तो त्यांचा विषयही नव्हता.

गेल्या सुमारे वीस वर्षांत हे जुने उदाहरण अनपेक्षित रीतीने पुन्हा जिवंत झाले आहे. डोंगरावरील आग विमानाने, आत वैमानिक नसताना, स्वतः ओळखावी आणि शक्य झाल्यास स्वतःच विझवावी, अशा दिशेने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः कॅलिफोर्नियात, प्रयोग चालू आहेत. या प्रयोगांचे वृत्तांत सामान्यतः यंत्राच्या सामर्थ्यावर भर देतात. तथापि बारकाईने पाहिल्यास असे दिसते की, उड्डाणाचा प्रश्न बव्हंशी सुटलेला आहे आणि उष्णता टिपण्याचाही सुटलेला आहे. न सुटलेला प्रश्न तिसराच आहे. टिपलेली उष्णता म्हणजे ‘वणवा’ होय, असे कोणत्या आधारावर ठरवावयाचे, आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा? हा प्रश्न जितका अभियांत्रिकीचा, तितकाच अर्थनिर्णयाचाही आहे.

प्रथम परिभाषेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. कारण मराठी लेखनात ‘दूरनियंत्रित’, ‘स्वयंचलित’ आणि ‘स्वायत्त’ हे तीन शब्द अशा विमानांच्या संदर्भात एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि ‘ड्रोन’ हा चौथा शब्द त्या सर्वांवर पांघरूण घालतो. दूरनियंत्रित विमानाला वैमानिक असतो. तो फक्त विमानात नसतो. स्वयंचलित विमान आधी आखून दिलेल्या मार्गाने आपोआप जाते. घड्याळ स्वयंचलित असते त्याच अर्थाने. स्वायत्त म्हणजे जे स्वतःच्या अधीन आहे ते, म्हणजे समोरची परिस्थिती पाहून अनेक पर्यायांतून एक निवडणारे. मराठीत हा शब्द संस्था, महाविद्यालये व मंडळे यांना लावला जातो, आणि तेथे स्वायत्ततेबरोबर उत्तरदायित्व येते हे गृहीत असते. यंत्राला तो लावताना ही दुसरी बाजू निसटते. निर्णय यंत्राचा, पण चुकीचा जाब कोणाला विचारावयाचा, हे त्या शब्दाच्या नव्या वापरात सांगितलेले नसते.

याचे एक बोलके उदाहरण नासा या संस्थेच्या प्रयोगांत सापडते. ऑक्टोबर २००७ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात एकाच वेळी अनेक ठिकाणी वणवे भडकले, तेव्हा नासाचे ‘इखाना’ नावाचे वैमानिकरहित विमान त्यांवरून फिरविण्यात आले. त्यावर बसविलेल्या अवरक्त-यंत्राच्या नावात ‘स्वायत्त’ हे विशेषण होते. विमान मात्र जमिनीवर बसलेले वैमानिकच चालवीत होते. स्वायत्तता होती ती केवळ टिपलेल्या प्रतिमांवर विमानातच संस्करण करून, आगीच्या सीमा नकाशावर बसवून, त्या काही मिनिटांत खाली पाठविण्यापुरती. विमानाचे नाव अमेरिकेतील चॉक्टॉ या मूलनिवासी जमातीच्या भाषेतून घेतलेले आहे आणि ‘जाणीव असलेला, बुद्धिमान’ असा त्याचा अर्थ देण्यात येतो. नामकरणाच्या बाबतीत विज्ञानशाखा नेहमीच पुढच्या काळात राहतात, असे यावरून म्हणावेसे वाटते.

वणवा लांबून ओळखण्याची खटपट विमानांच्या आधीची आहे. ऑगस्ट १९१० मध्ये आयडाहो व मॉन्टाना या राज्यांत दोन दिवसांत सुमारे ३० लक्ष एकर क्षेत्र जळाले आणि ८० हून अधिक माणसे मरण पावली. त्यात बहुसंख्य आग विझविण्यास गेलेले होते. त्यानंतर शिखराशिखरांवर टेहळणीचे मनोरे उभे राहिले. मनोऱ्यावरील माणूस धुराची दिशा मोजीत असे. दोन मनोऱ्यांवरील दिशांच्या रेषा नकाशावर जेथे छेदतील, ते आगीचे स्थान. १९१९ मध्ये कॅलिफोर्नियात सैन्याच्या विमानांनी अग्निगस्त सुरू केली, आणि १९५५ मध्ये विलोज या गावातील एका शेतीफवारणीच्या द्विपंखी विमानातून वणव्यावर पाणी टाकण्यात आले. पुढील सर्व हवाई अग्निशमन हा त्याचा विस्तार होय.

मनोऱ्यावरील माणूस धूर पाहतो. आजची यंत्रे मुख्यतः उष्णता पाहतात. प्रत्येक तप्त पदार्थ किरणोत्सर्जन करतो, आणि तापमान जितके अधिक तितकी त्या उत्सर्जनाची शिखर-तरंगलांबी कमी. सामान्य जमिनीचे तापमान सुमारे ३०० केल्विन असते, आणि तिचे उत्सर्जन १० मायक्रोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते. जळत्या गवताचे व लाकडाचे तापमान ८०० ते १,००० केल्विनपर्यंत जाते, आणि त्याचे शिखर ३ ते ४ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात येते. प्लांकच्या नियमाने गणित केल्यास, १,००० केल्विनची ज्वाला ३०० केल्विनच्या जमिनीपेक्षा ४ मायक्रोमीटरवर सुमारे साडेचार हजार पटीने तेजस्वी ठरते. ११ मायक्रोमीटरवर मात्र हे प्रमाण तिसापेक्षा थोडे कमीच राहते. म्हणून आग शोधणारे यंत्र या दोन पट्ट्यांची तुलना करते. पहिल्या पट्ट्यात एखादा बिंदू एकदम उजळला आणि दुसऱ्यात तितका उजळला नाही, तर त्या बिंदूच्या एका लहान भागात अतिशय तप्त काही तरी आहे, असे समजावयाचे.

यातूनच एक अडचण उद्भवते. उपग्रहावरील ‘व्हिर्स’ या यंत्राचा एक बिंदू जमिनीवरील ३७५ मीटर लांबी-रुंदीचा चौरस व्यापतो. वरील हिशेबाने त्यातील अवघे ३१ चौरस मीटर क्षेत्र ज्वाळांनी व्यापले, तर ४ मायक्रोमीटरवरील तेज दुप्पट होते. एका घराच्या अंगणाएवढी आग आकाशातून कळू शकते, ही थक्क करणारी गोष्ट आहे यात शंका नाही. परंतु त्या पट्ट्यात तेज दुप्पट होण्यास संपूर्ण चौरसाचे तापमान ३०० केल्विनवरून सुमारे ३१८ केल्विनवर, म्हणजे ४५ अंश सेल्सियसवर, जाणेही पुरेसे असते. आणि वैशाखातील दुपारी उघडा कातळ याहून कितीतरी अधिक तापतो. शिवाय ४ मायक्रोमीटरवर सूर्यप्रकाशाचे परावर्तनही मिसळते. म्हणून केवळ एका बिंदूचे तेज न पाहता त्याच्या शेजारच्या बिंदूंशी तुलना करावी लागते. शेजार थंड असेल तर तो बिंदू संशयित. शेजारही तापलेला असेल तर बहुधा ऊन. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास ही पद्धत अपरिचित वाटणार नाही. एका ध्वनीचे मूल्य त्याच्या स्वतःच्या गुणधर्मांवरून ठरत नाही. परिसरातील इतर ध्वनींशी असलेल्या विरोधावरून ते ठरते, हे तत्त्व येथे उष्णतेस लागू झालेले आहे.

उपग्रहांची मर्यादा काळाची आहे. ध्रुवीय कक्षेतील उपग्रह एखाद्या स्थळावरून दिवसातून दोनदा जातो. भूस्थिर उपग्रह काही मिनिटांनी प्रतिमा देतो, पण सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून त्याचा एक बिंदू २ किलोमीटरचा किंवा त्याहून मोठा होतो. एकास दृष्टी सूक्ष्म पण भेट क्वचित. दुसऱ्याची भेट सतत पण दृष्टी ठोकळ. विमान या दोहोंच्या मध्ये बसते. ते आगीच्या माथ्यावर तासन् तास घिरट्या घालू शकते, धुराच्या पडद्यातून अवरक्त किरणांनी पाहू शकते, आणि काही मीटरपर्यंतचा तपशील देऊ शकते. ऑगस्ट २०१३ मध्ये योसेमिटीलगतच्या ‘रिम’ वणव्यावर कॅलिफोर्नियाच्या नॅशनल गार्डने असेच दूरनियंत्रित विमान वापरले होते. अमेरिकेच्या वनसेवेची वैमानिकयुक्त विमाने रात्री अवरक्त प्रतिमा घेतात, आणि सकाळच्या बैठकीपूर्वी त्यांवरून नकाशा तयार करण्याचे काम ज्या व्यक्तीकडे असते, तिच्या पदनामात इंग्रजीत दुभाष्याला लावतात तोच शब्द आहे. हे पदनाम अगदी समर्पक म्हटले पाहिजे. उष्णतेची भाषा एक, अग्निशमनाच्या अधिकाऱ्याची भाषा दुसरी. मध्ये अर्थ लावणारा कोणी तरी हवा. स्वायत्त यंत्राकडून अपेक्षा केली जाते ती या दुभाष्याची जागा घेण्याची.

आता नैयायिकांकडे परत जाणे उपयुक्त ठरेल. त्यांनी अनुमानाबरोबरच अनुमानाच्या दोषांचाही विचार केला होता, आणि त्यांची दोन उदाहरणे येथे जशीच्या तशी लागू पडतात. पाण्यावरील वाफ किंवा धुके पाहून धुराचा भ्रम होतो आणि अग्नीचे खोटे अनुमान निघते, हे पहिले. लालभडक तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो; म्हणून अग्नीवरून धुराचे अनुमान करता येत नाही, हे दुसरे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेने चालविलेल्या जाळ्यात आज एक हजाराहून अधिक कॅमेरे शिखरांवर बसविलेले आहेत, आणि २०२३ पासून त्यांच्या प्रतिमांत धूर शोधण्याचे काम संगणक करतो. धुके, धूळ आणि सखल ढग हेच त्याचे धूमाभास होत. कॅमेरा धुरावरून अग्नी शोधतो, आणि धूर नसलेली धग त्यास दिसत नाही. अवरक्त-यंत्र धगीवरून अग्नी शोधते, आणि तापलेला कातळ त्यास फसवितो. दोन भिन्न हेतू एकत्र आणल्यास दोहोंचे दोष बऱ्याच अंशी कटतात, आणि आजच्या यंत्रणा तेच करतात.

परंतु तिसरा एक प्रकार आहे, आणि त्यावर कोणत्याही संवेदकाचा उपाय चालत नाही. धूर खरा, उष्णता खरी, अग्नीही खरा. मात्र तो वणवा नव्हे. ‘वणवा’ हा शब्द संस्कृत ‘वनदव’ या शब्दाशी जोडला जातो, आणि त्याच्या पोटात केवळ वन व दाह एवढेच नाही. आटोक्याबाहेर गेलेला, कोणाच्याही इच्छेने न चालणारा दाह, असा त्याचा व्यवहारातील अर्थ आहे. चूल, शेकोटी, होळी, वीटभट्टी यांतील अग्नीला कोणी वणवा म्हणत नाही. तोच अग्नी गवतात शिरला की शब्द बदलतो. अग्नीच्या रसायनात काहीही फरक पडलेला नसतो. बदललेले असते ते माणसाशी असलेले त्याचे नाते, आणि हे नाते कोणत्याही तरंगलांबीवर उत्सर्जित होत नाही.

एक्सप्राइझ या संस्थेने एप्रिल २०२३ मध्ये जाहीर केलेल्या वणवाविषयक स्पर्धेत, निदान नियम करणाऱ्यांनी, हा भेद नेमका ओळखला होता असे दिसते. एकूण १ कोटी १० लक्ष डॉलरच्या या स्पर्धेतील एका विभागाची अट अशी होती: १,००० चौरस किलोमीटरच्या दुर्गम प्रदेशात पेटलेली धोकादायक आग स्वायत्त यंत्रणेने १० मिनिटांत शोधून विझवावी, आणि तसे करताना त्याच प्रदेशात मुद्दाम लावलेल्या फसव्या आगींना हात लावू नये. अटीचा पूर्वार्ध वेगाची व बळाची परीक्षा घेतो. उत्तरार्ध दिसण्यात किरकोळ आहे, पण खरी परीक्षा तोच घेतो.

स्पर्धेतील फसव्या आगी मुद्दाम लावलेल्या असतात. सह्याद्रीत त्या दरवर्षी आपोआप उपलब्ध होतात. कोकणात व घाटमाथ्यावर भाताच्या रोपांसाठी ठेवलेल्या जागेत झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत व शेण पसरून पावसाळ्यापूर्वी ते जाळतात. यास राब भाजणे म्हणतात. हे राब अनेकदा जंगलाच्या अगदी कडेला, उतारावर, आणि नेमक्या वणव्याच्या मोसमात भाजले जातात. वरून पाहणाऱ्यास राब आणि कोवळा वणवा यांत भेद करणे जवळजवळ अशक्य आहे. देशावर उसाचे पाचट जाळले जाते तेव्हाही तोच प्रश्न येतो. राबाच्या अर्थाचा वाद तर विमानांहून जुना आहे. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या तक्रारींवरून १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमला गेला, तेव्हा राबासाठी झाडांच्या फांद्या तोडण्याचा हक्क हा एक प्रमुख मुद्दा होता. शेतकऱ्याच्या दृष्टीने जी मशागत, ती वनखात्याच्या दृष्टीने हानी होती. त्या काळच्या अधिकाऱ्यांस धूर स्पष्ट दिसत होता. मतभेद धुराविषयी नव्हता.

डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांच्या आधारे देशातील वनाग्नींची सूचना देते. तिच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे देशातील ३६ टक्क्यांहून अधिक वनाच्छादन वारंवार आगीच्या टप्प्यात येणारे आहे. उपग्रहाने दिलेल्या तप्त बिंदूंवर वनसीमांचा नकाशा ठेवून, सीमेबाहेरचे बिंदू गाळून, उरलेल्यांची सूचना भ्रमणध्वनीवरून संबंधित वनकर्मचाऱ्यांपर्यंत पोचविली जाते. येथे यंत्राने केलेला निर्णय केवळ स्थानाचा आहे: वनात असेल तो वणवा, बाहेर असेल तो नव्हे. ही व्याख्या ओबडधोबड खरी, पण प्रामाणिक आहे. पुढचा अर्थ वनरक्षक पायी जाऊन लावतो. वनसीमेवरचा राब पाहून तो परत फिरतो, किंवा राबातून ठिणगी पलीकडे गेलेली पाहून हाताशी असलेल्या हिरव्या फांदीने ती झोडपू लागतो.

विझविण्याच्या बाजूस वळताना एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. विमाने सहसा वणवा विझवीत नाहीत. त्यांतून टाकलेले पाणी किंवा लाल रंगाचे ज्वलनरोधक द्रव्य आगीचा वेग मंद करते. त्या अवधीत जमिनीवरील माणसे झाडझाडोरा काढून माती उघडी करणारी पट्टी आखतात आणि आग त्या पट्टीशी अडते. हवाई मारा हा पायदळाला दिलेला आधार होय. मात्र आग अगदी लहान असेल, तर एखाद-दुसरी खेपही पुरते. म्हणूनच शोध आणि शमन यांमधील काळ कमी करण्यास एवढे महत्त्व आहे. कॅलिफोर्नियाचे अग्निखाते ९५ टक्के वणवे १० एकरांच्या आत रोखण्याचे उद्दिष्ट ठेवते, त्याचे कारणही हेच.

या दिशेने झालेले प्रयोग मोजके, परंतु निश्चित स्वरूपाचे आहेत. नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात के-मॅक्स या मालवाहू हेलिकॉप्टरची वैमानिकरहित आवृत्ती वापरण्यात आली. एका लहान चतुष्पंखी यंत्राने अवरक्त कॅमेऱ्याने तप्त स्थळे दाखविली, आणि के-मॅक्सने तळ्यातून पाणी उचलून एका तासात २४,००० पौंडांहून अधिक, म्हणजे सुमारे ११ टन, पाणी आगीवर टाकले. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंटकी राज्यात ब्लॅक हॉक हे मोठे हेलिकॉप्टर प्रथमच आत कोणीही नसताना उडाले. त्याच यंत्रणेने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनेक्टिकटमध्ये लहानशा आगीचे स्थान व आकार स्वतः ओळखून तीवर पाणी टाकले. या सर्व प्रात्यक्षिकांत आग लहान होती, जागा ठरलेली होती, आणि ती आग विझवावयाचीच आहे हे माणसांनी आधीच ठरविलेले होते.

वैमानिकास विमानातून उतरविण्याचे कारण भावनेच्या नव्हे, हिशेबाच्या भाषेत सांगता येते. हवाई अग्निशमनात विमान धुरात, डोंगरांच्या कुशीत, उष्ण हवेच्या उसळ्यांत, जमिनीपासून शे-दोनशे फुटांवर आणावे लागते. जानेवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात असे विमान कोसळून तिघे, आणि जुलै २०२३ मध्ये ग्रीसच्या एव्हिया बेटावर दोघे वैमानिक मृत्यू पावले. रात्रीचे उड्डाण याहून धोक्याचे असल्यामुळे बहुतेक विमाने सूर्यास्तानंतर परततात. वस्तुतः रात्रीच वारा पडतो, हवेतील आर्द्रता वाढते, आणि आग सर्वांत दुबळी असते. त्या वेळी काम करणारे यंत्र मिळाले, तर अग्निशमनाचा दिवस जवळजवळ दुप्पट होईल. स्वायत्त विमानांच्या बाजूने केले जाणारे सर्वांत भक्कम प्रतिपादन हेच आहे. भारतात २०१९ मध्ये बांदीपूर येथे आणि एप्रिल २०२४ मध्ये नैनीतालजवळ वायुदलाच्या हेलिकॉप्टरांनी पाणी टाकले. दुसऱ्या प्रसंगी ते भीमताल सरोवरातून उचलले होते. ही उड्डाणे अर्थातच वैमानिकांनी केलेली होती.

तथापि शोध लवकर लागला म्हणजे काम झाले, असे मानता येत नाही. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास उत्तर कॅलिफोर्नियात विजेच्या वाहिनीमुळे ‘कॅम्प’ वणवा पेटला. अग्निशामकांना तो थोड्याच वेळात दुरून दिसला. पण तेथे पोचण्याचा रस्ता अरुंद व खडतर होता, आणि वारा सोसाट्याचा होता. आठच्या सुमारास आग पॅरडाइज या गावात शिरली. ८५ माणसे मेली आणि १८,००० हून अधिक बांधकामे नष्ट झाली. येथे अनुमान अचूक होते, आणि वेळेवरही होते. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागात आग लागली, तेव्हा पहिल्या रात्री वाऱ्यामुळे विमाने जमिनीवरच ठेवावी लागली. अशा वाऱ्यात वैमानिकरहित विमानही उडणार नाही, आणि उडाले तरी त्याने टाकलेले पाणी धुक्यासारखे उधळून जाईल. ज्या दिवशी माणसे मरतात, नेमक्या त्याच दिवशी यंत्राचा उपयोग सर्वांत कमी, ही या तंत्राची मोठी उणीव असून तिचा उच्चार प्रात्यक्षिकांच्या वृत्तांतांत क्वचितच होतो. त्याच वणव्यात ९ जानेवारी रोजी एका खासगी ड्रोनची धडक क्यूबेक प्रांताकडून आलेल्या सीएल-४१५ या पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखास बसली, आणि ते विमान ऐन गरजेच्या वेळी दुरुस्तीसाठी बाजूस ठेवावे लागले. आगीवरील आकाश रिकामे नसते. त्यात आणखी यंत्रे सोडावयाची तर ती परस्परांना ओळखणारी असली पाहिजेत.

शेवटी, वणवा ठरलेली प्रत्येक आग विझवावीच काय, हा प्रश्न उरतो. अमेरिकेच्या वनसेवेने १९३५ मध्ये असा दंडक घातला होता की, सूचना मिळालेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी १० च्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. हा दंडक १९७० च्या दशकात सोडण्यात आला. दरम्यान, लहान आगींनी एरवी साफ झाला असता असा पालापाचोळा व झुडपे जंगलात साचत गेली, आणि नंतरच्या आगी त्यामुळे अधिक उग्र झाल्या, याविषयी अभ्यासकांत आता मोठे मतैक्य आहे. उत्तर कॅलिफोर्नियातील करूक व युरोक या जमाती टोपल्या विणण्यास सरळ फोक मिळावेत म्हणून हेझलची झुडपे ठरावीक काळाने जाळीत. त्यांच्या दृष्टीने तो वणवा नव्हता. १० मिनिटांत प्रत्येक आग विझविणारे यंत्र, त्यास हा भेद शिकविलेला नसल्यास, १९३५ चाच दंडक अधिक वेगाने अंमलात आणील.

याची दुसरी बाजू प्रत्यक्षात आलेलीही आहे. नेब्रास्का विद्यापीठातील संशोधकांनी बनविलेले एक लहान वैमानिकरहित यंत्र एप्रिल २०१६ मध्ये त्या राज्यातील होमस्टेड या राष्ट्रीय स्मारकाच्या कुरणावर उडविण्यात आले, ते आग विझविण्यासाठी नव्हे, लावण्यासाठी. पोटॅशियम परमँगनेट भरलेल्या लहान गोळ्यांत ते ग्लायकॉल टोचते व खाली टाकते. काही सेकंदांनी गोळी पेटते. नियोजित ज्वलनासाठी आणि मोठ्या वणव्यापुढील इंधन आधीच जाळून टाकण्यासाठी अमेरिकेच्या संघीय खात्यांनी पुढे ही यंत्रे वापरात घेतली. पूर्वी हे काम हेलिकॉप्टरात बसलेल्या किंवा मशाल घेऊन उतारावर चालणाऱ्या माणसांस करावे लागे. अशा ज्वलनापूर्वी एक लेखी योजना तयार होते: कोणते क्षेत्र, वाऱ्याचा वेग किती, आर्द्रता किती, कोणाच्या सहीने. एका विमानाने लावलेली आग दुसऱ्या विमानाच्या अवरक्त-यंत्रास ४ मायक्रोमीटरवर इतर कोणत्याही आगीसारखीच दिसणार. ती सोडून द्यावयाची आहे हे त्यास कळण्यास त्या योजनेतील क्षेत्र, दिनांक आणि सही करणाऱ्या अधिकाऱ्याचा निर्णय उड्डाणापूर्वी त्याच्या नकाशात भरलेला असावा लागेल, आणि वारा फिरून ज्वलन थांबविण्याचे ठरल्यास तो तितक्याच तातडीने बदलावाही लागेल.